सॉल्व्हंट न घालता टिकाऊ इमल्शन: सिलिकोन सर्फॅक्टंट निवडण्यापासून पाणी घालण्यापर्यंत

पॉलिमरमध्ये पाणी घाला, पाण्यात पॉलिमर घालू नका. लॅबमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगते, कारण सॉल्व्हंटशिवाय, म्हणजे पॉलिमर पातळ करणारा द्रव न वापरता, इमल्शन (पाण्यात पॉलिमरचे बारीक थेंब) करायचं तर बाकी सगळं याच्यावर उभं आहे. भांडंभर पाणी घ्यायचं, त्यात सर्फॅक्टंट (थेंबाभोवती बसून त्याला पाण्यात सांभाळणारा पदार्थ) विरघळवायचा, मशीन जोरात लावायचं आणि वरून पॉलिमर सोडायचा, ही पद्धत पातळ तेलांना चालते. ५०,००० मिलीपास्कल-सेकंद घट्टपणाच्या पॉलिमरला ती चालत नाही. कितीही वेग वाढवा, गोळे फिरत राहतात आणि मशीन थांबलं की एकत्र येतात.

यात मशीनचा दोष नसतो. थेंबाचा घट्टपणा बाहेरच्या द्रवाच्या साधारण चौपटीपुढे गेला, की साध्या कातर-प्रवाहात तो थेंब जागच्या जागी गरगरतो, ताणला जात नाही, म्हणून तुटतही नाही. थेंब कधी तुटतो हे दाखवणारा, ग्रेस यांचा १९८२ साली छापला गेलेला आलेख आजही याच कारणासाठी काढून बघितला जातो. पाण्याचा घट्टपणा सुमारे १ आणि पॉलिमरचा ५०,०००, म्हणजे आपण चौपटीच्या मर्यादेपासून किती लांब आहोत ते बघा. उलट क्रमाने गेलं तर पाणी आत आणि पॉलिमर बाहेर असतो, पाण्याचे थेंब सहज बारीक होतात, आणि योग्य सर्फॅक्टंट असेल तर एका ठरावीक टप्प्यावर सगळं उलटतं: पाणी बाहेर येतं आणि पॉलिमरचे बारीक थेंब आत अडकतात. हा टप्पा म्हणजे फेज इन्व्हर्जन. पुढची सगळी खटपट हा क्षण नीट घडवून आणण्यासाठी आहे.

सॉल्व्हंट गेला की काय काय जातं

सॉल्व्हंट फक्त पॉलिमर पातळ करत नव्हता. सर्फॅक्टंट पॉलिमरमध्ये मिसळायला तो मदत करायचा, आणि लेप सुकताना थेंब एकमेकांत मिसळून सलग फिल्म व्हावी यालाही हातभार लावायचा. तो काढला की पातळ करण्याचं काम तापमानावर येतं, मिसळण्याचं काम सर्फॅक्टंटच्या रचनेवर, आणि फिल्मचं काम थेंबाच्या आकारावर आणि पॉलिमरच्या मऊपणावर. म्हणून ‘जुन्या फॉर्म्युल्यातून टोल्यूइन वगळा’ एवढ्याने भागत नाही. फॉर्म्युला नव्याने बांधावा लागतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. सर्फॅक्टंट ज्या डब्यात येतो त्याच डब्यात सॉल्व्हंट असू शकतो. कित्येक सिलिकोन सर्फॅक्टंट डायप्रॉपिलीन ग्लायकॉल मिथाइल इथरसारख्या द्रवात पातळ करून विकले जातात. युरोपच्या रंगांविषयीच्या २००४ च्या निर्देशात २५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी उत्कलनबिंदूचा कार्बनी पदार्थ व्हीओसी, म्हणजे हवेत उडून जाणारा, धरला जातो, आणि हा इथर १९० अंशांच्या आसपास उकळतो. तेव्हा डेटाशीटवर ‘सक्रिय घटक १०० टक्के’ असं लिहिलेलं असेल तरच पुढे जा. नसेल तर उरलेलं काय आहे ते पुरवठादाराला लेखी विचारा.

कोणता सिलिकोन सर्फॅक्टंट

हे सर्फॅक्टंट बहुतेक एकाच वाटेने बनतात. सिलिकॉन-हायड्रोजन बंध असलेल्या सिलोक्सेनवर (सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळीवर) प्लॅटिनमच्या मदतीने ॲलिल पॉलीइथर जोडतात. सिलोक्सेनचा कणा पाण्याला नको असतो, पॉलीइथरच्या, म्हणजे इथिलीन ऑक्साइडच्या, साखळ्या पाण्यात रमतात. साखळ्या कण्याला कुठे आणि किती लावल्या यावर सगळं ठरतं.

इथे एक गैरसमज फार नुकसान करतो. सिलिकोन सर्फॅक्टंट पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून २० ते २२ मिलीन्यूटन प्रति मीटरपर्यंत आणतात. साधे हायड्रोकार्बन सर्फॅक्टंट बहुधा तिशीच्या आसपास थांबतात. हा आकडा बघून लोक सगळ्यात कमी पृष्ठताण देणारा ट्रायसिलोक्सेन उचलतात. पण तो आकडा पाणी आणि हवा यांच्यामधला आहे. आपल्याला पाणी आणि पॉलिमर यांच्यामधली सीमा सांभाळायची आहे. ट्रायसिलोक्सेनचा रेणू लहान असतो, त्याला सातआठ इथिलीन ऑक्साइड एककं असतात, पान किंवा प्लास्टिकवर पाणी झटकन पसरवायला तो अप्रतिम. थेंबाभोवती महिनोन्‌महिने पहारा द्यायला तो कामाचा नाही, कारण तो जितक्या लवकर सीमेवर येतो तितक्याच लवकर निघूनही जातो. शिवाय पीएच ६ ते ८ च्या बाहेर गेला की त्याचे सिलोक्सेन बंध पाण्याने तुटायला लागतात. अमाइनने न्यूट्रल केलेल्या पॉलियुरेथेनमध्ये पीएच साडेआठ असेल तर आज दिसणारा त्याचा गुण काही आठवड्यांनी नाहीसा झालेला असतो.

इमल्शन टिकवायला मी लांब कण्याचा, बाजूने अनेक साखळ्या लोंबणारा प्रकार घेते. पुरवठादार याला ‘रेक’ म्हणतात. एका रेणूचा कणा बऱ्याच ठिकाणी थेंबाला चिकटतो, त्यामुळे तो सहज सुटत नाही. आणि पाण्याकडे पसरलेल्या लांब साखळ्या दुसऱ्या थेंबाला जवळ येऊ देत नाहीत. या कामासाठी साखळी वीस एककांच्या वर असावी, हे माझं मत. मधे सिलोक्सेन आणि दोन्ही टोकांना पॉलीइथर असलेला सरळ प्रकारही मिळतो, तो लवचीक लेपात बरा बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: तुमचा पॉलिमर कोणता? सिलोक्सेनचा कणा सिलिकोन तेलात, सिलिकोन रबरात, सिलिकोन रेझिनमध्ये आनंदाने रुततो. इपॉक्सी, अल्किड, पॉलियुरेथेन यांच्यात तो रुतत नाही. त्याला पाणी जितकं परकं तितकेच हे पॉलिमरही परके. म्हणून सिलिकोन पॉलिमर असेल तर सिलिकोन सर्फॅक्टंट मुख्य इमल्सिफायर, म्हणजे इमल्शन घडवणारा सर्फॅक्टंट, होऊ शकतो. ऑरगॅनिक पॉलिमर असेल तर मुख्य काम दुसऱ्याला द्या आणि सिलिकोनला जोडीला ठेवा, किंवा कण्यावर लांब अल्किल साखळ्याही लावलेला प्रकार शोधा, म्हणजे त्याला धरायला काही मिळेल. ही विभागणी मान्य केली की निम्मे फसलेले प्रयोग वाचतात.

सर्फॅक्टंटचा ओढा पाण्याकडे किती आणि तेलाकडे किती हे आकड्यात सांगणारी ग्रिफिन यांची एचएलबी पद्धत, म्हणजे इथिलीन ऑक्साइडच्या वजनी टक्क्यांना पाचने भागणं, सिलिकोनला ढोबळ अंदाजापुरतीच वापरा. ती साध्या अल्किल शेपट्यांसाठी बांधली गेली होती.

किती घालायचा

इथे अंदाजपंचे टक्के टाकण्याऐवजी थेंबांचं क्षेत्रफळ काढा. एक ग्रॅम पॉलिमरच्या थेंबांचं एकूण क्षेत्रफळ म्हणजे ६ भागिले घनता गुणिले व्यास. सिलिकोन पॉलिमरची घनता ०.९७ आणि थेंब अर्धा मायक्रॉनचा धरला तर ग्रॅममागे साधारण १२.४ चौरस मीटर येतात. २५० ग्रॅम पॉलिमरला हे तीन हजार चौरस मीटरच्या वर जातं. चौरस मीटरला २ मिलिग्रॅम सर्फॅक्टंट लागतो असं धरलं तर सहा ग्रॅमच्या थोडं वर. हा किमान आकडा. प्रत्यक्षात मी दुप्पट ते तिप्पट घेऊन सुरुवात करते, कारण मळताना नवीन पृष्ठभाग फार वेगाने तयार होतो आणि तिथे वेळेत पोचायला साठा लागतो. चांगलं इमल्शन हातात आलं की मग पायरीपायरीने कमी करत जा. उलट दिशेने, थोड्यापासून वाढवत गेलात, तर चूक सर्फॅक्टंटची आहे की पद्धतीची, हेच कळणार नाही.

क्लाउड पॉइंट आधी तपासा

सर्फॅक्टंटचं एक टक्का द्रावण परीक्षानळीत घ्या, थर्मामीटर आत ठेवून हळूहळू तापवा. ज्या तापमानाला ते गढूळ होतं तिथे इथिलीन ऑक्साइडच्या साखळ्यांनी पाण्याचा हात सोडलेला असतो. त्या तापमानाला तो सर्फॅक्टंट थेंब सांभाळत नाही. हवा आणि पाणी यांच्यात तर तो चक्क फेस मारणारा होतो. काम या तापमानाच्या किमान दहापंधरा अंश खाली चालवा. पाण्यात क्षार असतील तर क्लाउड पॉइंट आणखी खाली येतो, म्हणून तपासणी तुमच्या खऱ्या पाण्यात, तुमच्या खऱ्या पीएचला करा. दहा मिनिटांची ही चाचणी पुढे ओव्हनच्या चाचणीचा अर्थ लावताना पुन्हा उपयोगी पडते.

प्रत्यक्ष कृती: घट्ट सिलिकोन पॉलिमर

टोकांना हायड्रॉक्सिल असलेला ५०,००० मिलीपास्कल-सेकंदाचा पॉलीडायमिथाइलसिलोक्सेन आणि ५०० ग्रॅमची बॅच धरू. पॉलिमर २५० ग्रॅम, रेक प्रकारचा सिलिकोन पॉलीइथर १२ ग्रॅम, जोडीला २३ एककांचा लॉरिल अल्कोहोल इथॉक्सिलेट ५ ग्रॅम, पहिलं पाणी १५ ग्रॅम, नंतरचं पाणी २१६ ग्रॅम, आणि प्रिझर्व्हेटिव्हचं द्रावण २ ग्रॅम. पाणी डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं, हवं.

इथॉक्सिलेट मेणासारखा घन असतो, तो ५० अंशांवर वितळवून सिलिकोन पॉलीइथरमध्ये मिसळा. हे मिश्रण पॉलिमरमध्ये ओतून पंधरा मिनिटं हळू फिरवा. हवा ओढू देऊ नका. करवती दातांचं पातं भांड्याच्या व्यासाच्या निम्म्याहून मोठं असावं, कारण पुढे माल इतका घट्ट होतो की छोटं पातं स्वतःपुरतं बीळ करून त्यातच फिरत बसतं. ६० मिलिमीटरचं पातं मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरलं की टोकाचा वेग सेकंदाला सव्वासहा मीटर होतो. इथून सुरुवात करायला हरकत नाही.

आता पहिलं पाणी. एकदम नको, तीन हप्त्यांत घाला. पहिल्या हप्त्यानंतर माल दुधट होतो, पण अजून तेलकट असतो, काठीवरून तारेसारखा ओघळतो. दुसऱ्यानंतर घट्टपणा वाढायला लागतो आणि मोटरचा आवाज जड होतो. तिसऱ्यानंतर बघत राहायचं. एका क्षणी तार तुटते. माल ओघळायचा थांबतो, पात्याने केलेली चर तशीच उभी राहते, तेलकट चमक जाऊन पृष्ठभाग शुभ्र आणि किंचित निळसर दिसतो, भांड्याच्या भिंतीवरून तो सोलल्यासारखा निघतो. इन्व्हर्जन झालं ते असं दिसतं.

डोळ्यांवर विसंबू नका. काठीच्या टोकावर मुगाएवढा माल घेऊन ग्लासभर पाण्यात बुडवा आणि हळूच हलवा. झालं असेल तर तो पांढरा ढग सोडत विरतो, तळाशी किंवा काठीवर काही उरत नाही. झालं नसेल तर गोळी तशीच राहते, वर तेलाचे डोळे दिसतात. वाहकता मोजणारा प्रोब असेल तर आकडा एकदम उसळतो; आयन नसलेल्या सर्फॅक्टंटमध्ये ही उसळी छोटी असते, म्हणून चाचणीच्या बॅचपुरतं पहिल्या पाण्यात कणभर मीठ टाकलं तर ती स्पष्ट दिसते.

माल इतका घट्ट का होतो? या क्षणी घनफळाच्या जवळजवळ नव्वद टक्के पॉलिमर आत आहे. एकसारखे गोल थेंब नीट रचले तरी ७४ टक्क्यांपलीकडे मावत नाहीत. पुढे ते एकमेकांवर दाबले जाऊन चपटे होतात. आपल्याला हेच हवं होतं. बाहेरचा द्रव आता पाण्याइतका पातळ राहिलेला नाही, थेंबाला पात्याची ओढ खरोखर जाणवते, आणि तो तुटत जातो. म्हणून इन्व्हर्जन दिसलं की लगेच पाणी ओतायची घाई करणाऱ्यांना मी थांबवते. हा घट्ट टप्पाच थेंब बारीक करतो. वीस ते तीस मिनिटं तसाच मळा, भिंतीवरचं खरवडून आत घ्या, दर दहा मिनिटांनी कणांचा आकार बघा, आणि आकडा खाली यायचा थांबला की थांबा. एकदा पातळ केलं की परत बारीक होणार नाही. या टप्प्यात घर्षणाने माल चांगलाच तापतो, तेव्हा जॅकेटमध्ये गार पाणी सुरू ठेवा. इथेच क्लाउड पॉइंट ओलांडला जाण्याची भीती सगळ्यात जास्त.

पातळ करताना सुरुवात अगदी सावकाश. पहिले ४० ग्रॅम पाणी पाचपाच ग्रॅमने, प्रत्येक हप्ता पूर्ण जिरल्यावरच पुढचा. पाणी मालाच्याच तापमानाचं असू द्या. माल सैल पडून स्वतःहून वाहायला लागला की उरलेलं धारेने घाला, पण वेग कमी करून, नाहीतर फेस धराल. शेवटी प्रिझर्व्हेटिव्ह. सॉल्व्हंट नसलेल्या इमल्शनमध्ये जंतू मजेत वाढतात, त्यामुळे हा भाग टाळू नका.

पॉलिमर ऑरगॅनिक असेल तर

द्रव बिसफिनॉल-ए इपॉक्सीचं काम तुलनेने सोपं आहे. २५ अंशांना तिचा घट्टपणा ११,००० ते १४,००० मिलीपास्कल-सेकंद असतो आणि ६० अंशांना काही शेंवर येतो, म्हणजे सॉल्व्हंटचं काम गरम पाण्याची जॅकेट करते. मुख्य इमल्सिफायर म्हणून लांब साखळ्यांचा इथिलीन ऑक्साइड-प्रॉपिलीन ऑक्साइड ब्लॉक कोपॉलिमर घ्या, पाणी वरच्याच क्रमाने घाला, आणि सिलिकोन पॉलीइथर इमल्शन तयार होऊन थंड झाल्यावर एकूण वजनाच्या ०.१ ते ०.३ टक्के घाला. इथे त्याचं काम लेप नीट पसरवणं, तेलकट डागावर आकसू न देणं, हे आहे. इन्व्हर्जनच्या आधीच घातला तर मुख्य इमल्सिफायरशी जागेसाठी झगडतो आणि त्याचा फायदा मला कधी दिसलेला नाही.

पॉलियुरेथेनचं प्रकरण वेगळं. तिथे पाण्यात टिकायची सोय साखळीतच बसवतात, बहुधा डायमिथाइलॉल प्रोपिऑनिक ॲसिडने. पण ते १८० अंशांच्या वर वितळतं आणि पॉलिऑलमध्ये (पॉलियुरेथेनच्या एका कच्च्या मालात) सहज विरघळत नाही, म्हणून वर्षानुवर्षं एन-मिथाइल पायरोलिडोन हे सॉल्व्हंट म्हणून वापरलं गेलं. ते प्रजननाला घातक ठरवलं गेलं आहे, आणि युरोपात मे २०२० पासून त्याच्या वापरावर संपर्काच्या मर्यादा आहेत. सॉल्व्हंट टाळायचा तर डायमिथाइलॉल ब्यूटॅनॉइक ॲसिड वापरा. ते ११० अंशांच्या आसपास वितळतं आणि पॉलिऑलमध्ये चांगलं मिसळतं. सिलिकोन इथे दोन प्रकारे येतो. टोकाला हायड्रॉक्सिल असलेला सिलिकोन पॉलीइथर आयसोसायनेटशी (पॉलियुरेथेनच्या दुसऱ्या कच्च्या मालाशी) जोडला जातो आणि फिल्ममध्ये कायमचा बसतो, वर तरंगून येत नाही. तसं नको असेल आणि नुसता सर्फॅक्टंट हवा असेल तर टोक मिथाइलने बंद केलेला मागवा. मागवताना टोकाचा उल्लेख करायचाच. नाहीतर तुमचा आयसोसायनेटचा हिशेब बिघडतो आणि कारण सापडता सापडत नाही.

फेस आणि खड्डे

पाण्यात नीट विरघळणारा सिलिकोन पॉलीइथर फेस टिकवतो. फेस आला म्हणून वरून शुद्ध सिलिकोन तेलाचा डीफोमर (फेस मारणारा पदार्थ) टाकणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय, कारण तेच तेल सुकत्या लेपात खड्डे पाडतं. पातं पूर्ण बुडालेलं ठेवा, शक्य असेल तर हलकी व्हॅक्यूम लावा, आणि माल रात्रभर झाकून ठेवा. तरीही फेस उरला तर कामाच्या तापमानाच्या खाली क्लाउड पॉइंट असलेला दुसरा पॉलीइथर अगदी थोडा वापरून बघा.

खड्डे तपासायला काचेवर १०० मायक्रॉनचा ओला लेप ओढा, सुकवा, तिरप्या उजेडात बघा. मग त्यावर दुसरा लेप ओढा. पहिला थर चांगला बसला आणि दुसरा आकसला, तर सिलिकोन जास्त झालाय किंवा वर आलाय. दुसरा थर सुकल्यावर आडव्या-उभ्या चिरा देऊन चिकटपट्टीची चाचणी करा. ही दुसऱ्या थराची तपासणी केल्याशिवाय मी कुठलाही सिलिकोन सर्फॅक्टंट पुढे पाठवत नाही.

टिकतं का

थेंब किती वेगाने वर किंवा खाली जाईल हे स्टोक्सच्या नियमाने काढता येतं, आणि तो वेग त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतो. एक मायक्रॉनचा सिलिकोन थेंब मोकळ्या पाण्यात दिवसाला सुमारे दीड मिलिमीटर वर सरकतो. तेवढाच इपॉक्सीचा थेंब, घनता १.१६ असल्यामुळे, साडेसात मिलिमीटर खाली बसतो. पाच मायक्रॉनचा इपॉक्सी थेंब दिवसात १९ सेंटिमीटर जाईल. दाट इमल्शनमध्ये गर्दीमुळे हे सगळं मंदावतं, पण प्रमाण तेच राहतं. म्हणून सरासरी आकारावर खूश होऊ नका. आलेखाच्या उजवीकडे पाच मायक्रॉनपाशी छोटीशी शेपटी असेल तर तीच डब्याच्या तळाशी भेटणार.

सेंट्रिफ्यूज मिनिटाला ३,००० फेऱ्या, त्रिज्या १० सेंटिमीटर, वेळ अर्धा तास: हे गुरुत्वाच्या सुमारे हजारपट होतं, म्हणजे कागदावर तीन आठवड्यांचं बसणं. वर साय आली पण हलवल्यावर पूर्ण मिसळली तर थेंब शाबूत आहेत, आकार कमी करायला हवा. तेलाचा स्वच्छ थर दिसला तर इमल्शन फाटलंय, सर्फॅक्टंट बदलायला हवा. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत, म्हणून नुसतं ‘फेल’ असं वहीत लिहू नका.

ओव्हनमध्ये ५० अंशांना चार आठवडे ठेवा, मात्र सर्फॅक्टंटचा क्लाउड पॉइंट त्याच्या खाली असेल तर तिथे फाटणं अपेक्षितच आहे. अशा वेळी ४० अंशांना जास्त दिवस ठेवणं प्रामाणिक. उणे १८ अंशांना १६ तास आणि २५ अंशांना ८ तास असे तीन फेरे गोठवण्याचे करा. दर आठवड्याला पीएच मोजा. तो ६ ते ८ मध्ये राहायला हवा: आम्ल किंवा अल्कली वाढली की सिलोक्सेनची साखळी पुन्हा जुळते आणि डी४ सारखे चक्रीय रेणू तयार होतात. डी४, डी५ आणि डी६ हे तिन्ही २०१८ पासून युरोपच्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत आहेत, आणि गिऱ्हाईक त्यांचा आकडा मागतंच.

उरलेला सर्फॅक्टंट डबा घट्ट बंद करून, उन्हापासून दूर ठेवा. इथिलीन ऑक्साइडच्या साखळ्या हवेने हळूहळू ऑक्सिडाइज होतात. न जोडल्या गेलेल्या ॲलिल पॉलीइथरमधून आम्लाच्या संपर्कात प्रोपिऑनाल्डिहाइड सुटतो, त्याचा उग्र वास झाकण उघडताच येतो. तसा वास आला तर त्या लॉटने मोठी बॅच करण्याआधी क्लाउड पॉइंट आणि पीएच पुन्हा मोजा, आणि आकडे हलले असतील तर लॉट परत पाठवा.